योगासनांनी आत्मसन्मान इतर व्यायामांपेक्षा अधिक वाढतो का? नववीच्या मुलींच्या तासिकांवरून पडलेला प्रश्न

खेळाचा तास (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी सातारा शहरातल्या एका माध्यमिक शाळेत गेली १९ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवतो. नववीच्या मुलींना आठवड्यातून तीन तासिका मिळतात आणि त्यांचे यंदा काय करायचे, यावर आमच्या शिक्षक सभेत बराच वेळ चर्चा झाली. एका सहकारी बाईंचे म्हणणे असे की, या वयात मुली स्वतःच्याच नजरेतून उतरू लागतात, उत्तर येत असूनही हात वर करत नाहीत, फोटो काढायचा म्हटले की मागच्या रांगेत जाऊन लपतात. तेव्हा धावणे, खो-खो आणि कवायत बंद करून तिन्ही तासिका योगासनांना द्याव्यात, कारण योगामुळे आत्मसन्मान वाढतो. मुख्याध्यापिकांना हे पटले आहे. मला ते पूर्णपणे पटलेले नाही. मात्र मी स्वतः खो-खोच्या मैदानावर वाढलो म्हणून मला ते पटत नाही, की त्या म्हणण्यातच काही उणे आहे, हे मला नीट उलगडलेले नाही. म्हणून हा धागा.

एका मुलीविषयी सांगतो. ती वर्गात सर्वांत उंच आहे आणि म्हणूनच सतत खांदे पुढे ओढून, पाठीला पोक काढून उभी राहते. गेल्या वर्षी खो-खोच्या सरावात समोरच्या संघाची धावपटू खांबाला वळसा घालून निसटत असताना या मुलीने खांबावर एक हात ठेवून अंग पूर्ण लांब टाकले आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ टिपली. दुसऱ्या कोणाचाही हात तिथपर्यंत पोहोचला नसता. ती उठली तेव्हा कोपर सोलवटले होते, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली होती आणि पाठ सरळ होती. पुढच्याच आठवड्यात तिने घाईत चुकीचा खो दिला, चार मुली तिच्यावर ओरडल्या आणि पोक परत आले.

त्यानंतर २१ जूनच्या कार्यक्रमाची तयारी सुरू असताना मी तिला ताडासनात पाहिले. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले होते. कोणी आपल्याकडे पाहत नाही याची तिला खात्री होती आणि तिचे खांदे आपोआप मागे गेले होते. डोळे उघडले, तिने इकडेतिकडे पाहिले आणि खांदे पुन्हा पुढे आले.

मला दोन्ही वेळा काहीतरी घडताना दिसले आणि दोन्ही वेळा ते टिकले नाही. यांतले काय टिकवता येईल, हे मला जाणून घ्यायचे आहे. अनुभव असलेल्यांनी आणि अभ्यास असलेल्यांनी कृपया लिहावे.

समुपदेशन, सांगली

सर, प्रश्न फार जिव्हाळ्याचा आहे आणि तो तुम्ही नेमका मांडला आहे. आधी शब्दांकडे पाहू, कारण मराठीत आपण तीन शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि चर्चा तिथेच घोटाळते. ‘मला हे जमेल’ हा आत्मविश्वास. ‘मला कोणी कमी लेखलेले चालणार नाही’ हा स्वाभिमान. ‘मी जशी आहे तशी, माझ्या चुका धरूनही, माणूस म्हणून मोलाची आहे’ हा आत्मसन्मान. गणितात भक्कम आत्मविश्वास आणि आत्मसन्मान मात्र अगदी तळाला, अशा मुली माझ्याकडे दर महिन्याला येतात.

आत्मसन्मान मोजण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाते ती मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ सालची मोजपट्टी. तिच्यात दहा विधाने असतात, पाच स्वतःविषयी चांगले सांगणारी आणि पाच उणे सांगणारी, आणि प्रत्येकाशी आपण किती सहमत आहोत हे चार पर्यायांतून सांगायचे असते. ही मोजपट्टी एकूण आत्मसन्मान मोजते आणि तो फार सावकाश हलतो. लहानपणापासून घरात, गल्लीत, शाळेत जे ऐकले त्याचे थर त्यावर बसलेले असतात. त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या व्यायामाने तो उसळी घेईल, ही अपेक्षाच मुळात मोठी आहे. स्पेन्स, मॅकगॅनन आणि पून यांनी २००५ मध्ये ११३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा व्यायामाने एकूण आत्मसन्मान वाढतो, पण ही वाढ लहान असते, असे आढळले. परिणामाचा आकार मोजण्याच्या प्रमाणित एककात ती ०.२३ इतकी, म्हणजे लहानच भरली. ज्यांची शारीरिक क्षमता खरोखर वाढली त्यांच्यात परिणाम अधिक होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण नुसते हजेरी लावून चालत नाही, शरीराला काहीतरी नवे जमावे लागते.

सोनस्ट्रॉम आणि मॉर्गन यांनी १९८९ मध्ये याची एक शिडी मांडली. सर्वांत खालची पायरी म्हणजे एखादी विशिष्ट गोष्ट आपल्याला जमेल हा भरवसा. त्यावरच्या पायरीवर दोन गोष्टी शेजारी-शेजारी असतात: माझे शरीर सक्षम आहे ही भावना, आणि माझे शरीर मला मान्य आहे ही भावना. त्या दोहोंतून वरच्या पायरीवर, एकूण आत्मसन्मानापर्यंत, थोडेसे झिरपते. तुमची ती उंच मुलगी खांबाजवळ पहिल्या भावनेच्या पायरीवर होती आणि ताडासनात दुसऱ्या.

आणखी एक जुनी गोष्ट सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये आत्मसन्मानाचा अपूर्णांक मांडला होता: वर यश आणि खाली अपेक्षा. अपूर्णांक वाढवायचा तर अंश वाढवा किंवा छेद कमी करा, दोन्ही मार्ग सारखेच चालतात, असे त्यांनीच म्हटले आहे. माझे मत असे की, मैदानी खेळ अंशावर काम करतो आणि योग छेदावर. म्हणून ‘अधिक कोणता’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही.

लाल माती

समुपदेशनताई, मांडणी समजली, पण छेद कमी करण्याच्या गोष्टीवर माझा ठाम आक्षेप आहे. मी कराडजवळच्या खेड्यातला आहे आणि गेली काही वर्षे आमच्या तालमीत मुलींनाही मातीत उतरवतो. या मुलींच्या अपेक्षा कमी करण्याचे काम घरोघरी रोज चालू असते. ‘एवढे शिकून काय करायचे’, ‘मुलीच्या जातीने एवढे जोरात हसू नये’, ‘हात काळे पडतील’. छेद त्यांचा आधीच झिजलेला आहे, तो शाळेने आणखी कशाला घासायचा? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते अपेक्षा मोठी ठेवूनच. मुलीला एकदा तिच्यापेक्षा वजनदार मुलीची पाठ मातीला लावू द्या आणि मग तिच्या चालण्यातला फरक पाहा.

कृष्णाकाठ

माझे वय ५१. सांगलीत राहते. सरांचा प्रश्न नववीच्या मुलींचा आहे, पण तो आमच्या वयालाही तितकाच लागू पडतो, म्हणून लिहिते.

पाळी जाण्याच्या काळात माझे वजन वाढले, रात्री झोप लागेना आणि लग्नसमारंभाला जाणे मी टाळू लागले. मुलाने आग्रह केला म्हणून एका व्यायामशाळेत नाव घातले. तिथे तीन भिंतींना आरसे होते. मी व्यायामाची सायकल चालवत असताना चारही बाजूंनी मीच मला दिसत असे. महिन्याभराने तिथल्या प्रशिक्षकाने माझा ‘आधीचा’ फोटो मला न विचारता सूचनाफलकावर लावला, खाली वजनाचा आकडाही लिहिला आणि ‘नंतरचा’ फोटो येईल तेव्हा शेजारी लावू, असे सांगितले. मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. व्यायाम वाईट नव्हता, माझे गुडघे खरोखर सुधारले होते. पण तिथे माझे शरीर दुरुस्तीला टाकलेल्या यंत्रासारखे झाले होते.

नंतर विश्रामबागेत एका बाईंच्या घरच्या गच्चीवर योगवर्गाला जाऊ लागले. सतरंजी, वर पत्र्याची शेड, आरसा नाही. पहिले कित्येक दिवस बाई फक्त विचारत, ‘श्वास कुठे जाणवतो आहे?’ वजन अर्धा किलोही कमी झाले नाही. पण एक दिवस पश्चिमोत्तानासनात माझे पोट मांडीला टेकले होते आणि त्याचा मला राग आला नाही, हे माझ्या ध्यानात आले. इतक्या वर्षांत पोटाला हात लागला की मला रागच येत असे.

पहाटे आमराईत चालायलाही जाते. चालण्याने दम वाढला, जिना चढताना थांबावे लागत नाही. दोन्हींनी वेगवेगळे दिले. एक सोड म्हटले तर मला सोडता येणार नाही.

समुपदेशन, सांगली

कृष्णाकाठताई, तुमचा अनुभव वाचून मला एक अभ्यास आठवला. एलाव्हस्की आणि मॅकऑली यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि तो तुमच्याच वयोगटातल्या स्त्रियांवर होता. पूर्वी फारसा व्यायाम न करणाऱ्या १६४ स्त्रिया, सरासरी वय पन्नासच्या आसपास. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे तीन गट केले: एक गट आठवड्यातून तीनदा तासभर चालायचा, दुसरा आठवड्यातून दोनदा दीड तास योग करायचा आणि तिसऱ्याला काही दिले नव्हते. चार महिन्यांनी पाहिले, तर एकूण आत्मसन्मान कोणत्याच गटात उल्लेखनीय वाढला नव्हता. मात्र शरीर आकर्षक वाटण्याची भावना चालणाऱ्या आणि योग करणाऱ्या, दोन्ही गटांत सुधारली. आणि आपला दमसास व ताकद यांविषयीचे मत चालणाऱ्यांमध्ये सुधारले. तुम्ही गच्चीवर आणि आमराईत जे अनुभवलेत ते याच्याशी बरेच जुळते.

आरशाबद्दलही लिहिते. स्वतःच्या शरीराकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याच्या सवयीचा अभ्यास १९९७ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि रॉबर्ट्स यांनी मांडला. मुलींना ही सवय फार लवकर लागते. जेनिफर डॉबेनमियर यांनी २००५ मध्ये योग करणाऱ्या, एरोबिक्स करणाऱ्या आणि यांपैकी काहीच न करणाऱ्या स्त्रियांची तुलना केली. योग करणाऱ्यांमध्ये ही सवय कमी आणि शरीराच्या आतल्या संवेदनांची जाण अधिक आढळली. मात्र तो एका वेळी केलेला तुलनात्मक अभ्यास होता. ज्यांना आधीपासूनच शरीराशी जुळवून घेता येत होते त्याच योगाकडे वळल्या असतील, ही शक्यता त्यात उरते. योगाचा प्रचार करताना हे बहुधा कोणी सांगत नाही, ते सांगायला हवे.

लाल माती काका, तुमचा आक्षेप योग्य ठिकाणी लागला आहे. मी छेद म्हणताना सगळ्याच अपेक्षा एका पारड्यात टाकल्या, ती माझी चूक झाली.

स्थिरसुख

मी साताऱ्यात योगवर्ग घेते. काकांच्या आक्षेपाला मला माझ्या शास्त्रातून उत्तर द्यायचे आहे.

मुलींच्या मनात दोन प्रकारच्या अपेक्षा असतात. एक ‘मी डॉक्टर होईन, मी गड चढेन, मी संघाची कर्णधार होईन’. दुसरी ‘मी गोरी दिसले पाहिजे, मी बारीक दिसले पाहिजे, माझा आवाज कोणाला ऐकू जाता कामा नये’. पहिलीला हात लावायचा नाही. दुसरी जितकी गळून पडेल तितके चांगले. योग नीट शिकवला तर तो दुसरीलाच सैल करतो. पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे जे स्थिर आणि सुखकर ते आसन, एवढीच केली आणि लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्नांची शिथिलता सांगितली. कमान किती वाकली, हनुवटी कुठे टेकली, याचा तिथे उल्लेखही नाही.

पण आमच्या क्षेत्रातला दोषही मला इथे लिहिला पाहिजे. शाळांमध्ये योग नेला की लगेच स्पर्धा भरवतात. सर्वांत लवचीक मुलीला व्यासपीठावर उभे करतात, तिचे चक्रासन पाहून टाळ्या वाजवतात आणि जाड मुली मागे बसून ते पाहतात. असा योग म्हणजे कृष्णाकाठताईंच्या व्यायामशाळेतला आरसाच. त्याने आत्मसन्मान वाढणार नाही, उलट घटेल, हे मी दोन शाळांत डोळ्यांनी पाहिले आहे.

सूर्यनमस्कार योगात धरायचे की व्यायामात, हाही प्रश्न आहेच. आपल्या जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, त्यांवर १९२८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले आणि संस्थानातल्या शाळांतून मुला-मुलींना ते घालायला लावले. त्यांच्या दृष्टीने तो रोजचा, सर्वांगाचा, मोजून घालायचा व्यायाम होता. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली, पण त्यांचे शरीर घडले होते बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या व्यायामशाळेत. आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी योग आणि व्यायाम एकमेकांसमोर उभे केलेच नव्हते. हे भांडण अलीकडचे आहे.

यवतेश्वरचा चढ

मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पाच वेळा धावलो आहे. धावण्याची बाजू मांडायला आलो होतो, पण वरचे वाचून वेगळेच लिहावेसे वाटते.

पहिल्यांदा शर्यत पूर्ण केली तेव्हा उतरणीवर मी रडलो होतो. वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत खेळाचे एकही प्रमाणपत्र मिळाले नव्हते. पुढची दोन वर्षे मी खरोखर वेगळा माणूस होतो. कार्यालयातल्या बैठकीत बोलू लागलो, भावाशी रखडलेला वाटणीचा विषय शांतपणे मिटवला. मग डाव्या गुडघ्याने दगा दिला आणि सहा महिने धावणे बंद झाले. त्या सहा महिन्यांत मला स्वतःबद्दल जे वाटत होते ते शर्यतीच्या आधीच्या काळापेक्षाही वाईट होते. माझी सगळी किंमत मी हातातल्या घड्याळावर टांगली होती आणि घड्याळ बंद पडले.

क्रॉकर आणि वुल्फ यांनी २००१ मध्ये याच गोष्टीवर लिहिले आहे. आत्मसन्मान किती उंच आहे याइतकेच तो कशावर टांगलेला आहे हेही महत्त्वाचे असते, असा त्याचा आशय आहे. एका खुंटीवर टांगला तर खुंटीबरोबर तो पडतो. सरांच्या त्या मुलीचा चुकलेला खो म्हणजे हेच झाले, असे मला वाटते.

स्थिरसुखताईंसाठी एक प्रश्नही आहे. गेबाउर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ९३ योगविद्यार्थ्यांना १५ आठवडे तपासले. योगवर्गानंतर लगेच विचारले असता त्यांचा आत्मसन्मान वाढलेला आढळला, पण त्याचबरोबर ‘मी वर्गातल्या इतरांपेक्षा सरस आहे’ ही भावनाही वाढलेली आढळली. अहं शांत होतो असे आपण समजतो, तिथे तो फुगलेला निघाला. याचे काय करायचे?

स्थिरसुख

चढदादा, तो अभ्यास मला माहीत आहे आणि तो वाचून मला वाईट वाटले होते, पण आश्चर्य वाटले नाही. योगसूत्रांत पाच क्लेश, म्हणजे मनाला पीडणारे दोष, सांगितले आहेत: अविद्या, अस्मिता (मीपणा), राग (आसक्ती), द्वेष आणि अभिनिवेश (मरणाची भीती). अस्मिता दुसऱ्याच क्रमांकावर आहे. साधना करणाऱ्यालाही ती चिकटणार हे सूत्रकारांना ठाऊक होते, म्हणून तर तिला क्लेशांत घातले. पंधरा आठवड्यांत कोणाची अस्मिता जात नाही. मला स्वतःला शीर्षासन साधले तेव्हा वर्षभर मी त्याच नशेत होते.

मात्र चौदा वर्षांच्या ज्या मुलीला स्वतःची काहीच किंमत वाटत नाही, तिला थोडे ‘मी चांगली आहे’ वाटले तर मला त्यात धोका दिसत नाही. गीतेत ‘उद्धरेदात्मनात्मानं नात्मानमवसादयेत्’ असे म्हटले आहे. स्वतःला खचू देऊ नये, हे तिथे स्पष्ट आहे. अहंकार उतरवण्याची साधना ज्याच्याकडे तो आहे त्याने करावी.

माणदेशी

माण तालुक्यातून लिहिते. मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली, तेव्हा आमच्याकडच्या मुलींना पदक नसतानाही ती आपली वाटली. त्यानंतर आमच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या मुली दिसू लागल्या. आधी रस्त्यावर मुलगी धावली की लोक ‘काय झाले’ म्हणून विचारायचे. आपल्यासारख्या घरातली मुलगी चारचौघांत, मोकळ्या रस्त्यावर जोरात धावू शकते, हे गच्चीवर आणि बंद खोलीत शिकवता येत नाही. सरांनी मैदान पूर्ण बंद करू नये, ही विनंती.

खेळाचा तास (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. समुपदेशनताईंनी उल्लेखलेली दहा विधाने मी मराठीत करून, सहकारी बाईंच्या मदतीने, मुलींना वाचून दाखवली. गुण काढायचे नव्हते, फक्त त्यांना ती कळतात का, हे पाहायचे होते. ‘मी निदान इतरांच्या तोडीची तरी आहे’ या अर्थाच्या विधानाला एका मुलीने हात वर करून विचारले, “सर, इतर म्हणजे कोण? वर्गातल्या मुली, का घरातला भाऊ?”

मी उत्तर देऊ शकलो नाही. बाईंनी तिला ‘तुझ्या मनात जे पहिले येतील ते’ असे सांगितले. तिने बराच वेळ पेन्सिल तशीच हातात धरली होती.

समुपदेशन, सांगली

सर, त्या मुलीने जे विचारले त्यावर माझ्या क्षेत्रातल्या माणसांनी विचार करायला हवा. ती भावाशी तुलना करते की मैत्रिणीशी, यावर तिचे उत्तर पूर्ण बदलते आणि मोजपट्टीत दोन्हींची नोंद सारखीच होते. शाळेत जमल्यास गुणांऐवजी मुलींशी बोलूनच पाहावे.

आता तुमच्या निर्णयाला उपयोगी पडेल असे काही. शाळकरी मुलांवर थेट याच तुलनेचा एक भारतीय अभ्यास आहे. शर्ली टेलिस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ८ ते १३ वयाची ९८ मुले, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट, तीन महिने, आठवड्यातून पाच दिवस रोज ४५ मिनिटे. एका गटाला श्वसन, आसने, शिथिलीकरण आणि जप. दुसऱ्याला जागच्या जागी धावणे, चपळ हालचाली, रिले शर्यती आणि खेळ. दोन्ही उपयोगी ठरले, पण चारचौघांत, मित्रमैत्रिणींत आपले मोल वाटणे, ज्याला सामाजिक आत्मसन्मान म्हणतात, तो खेळणाऱ्या गटात योगगटापेक्षा अधिक आढळला. मला हे पटते. रिले शर्यतीत काठी दुसऱ्याच्या हातात द्यावीच लागते, खो-खोत कोणीतरी आपल्याला उठवावे लागते. डोळे मिटून केलेल्या आसनात ही देवाणघेवाण नसते.

दुसरी बाब निव्वळ शरीराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस जोरकस हालचाल हवी. स्वस्थ बसण्याच्या तुलनेत हठयोगातला ऊर्जाखर्च साधारण अडीचपट आणि सूर्यनमस्कारातला सव्वातीनपटीच्या जवळपास धरतात. मध्यम हालचाल तिपटीपासून पुढे मोजतात. म्हणजे केवळ आसनांच्या तीन तासिकांत मुलींना दम लागणारच नाही. आणि ज्यांची क्षमता खरोखर वाढली त्यांच्यातच परिणाम अधिक दिसला, हे मी सुरुवातीला लिहिले होते.

उंच मुलीचे खांदे डोळे उघडताच पुढे आले, याविषयी: गोलेक दे झावाला आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केवळ दोन मिनिटांच्या योगस्थितीनेही त्या क्षणापुरता आत्मसन्मान वाढतो, असे दाखवले. म्हणजे तुम्ही जे पाहिले ते खरे होते. क्षणापुरते होते, इतकेच. ते रोज, एकाच वेळी, कोणी न पाहता घडत राहिले तर त्याची सवय होईल, अशी माझी आशा आहे. आशा म्हणूनच सांगते आहे.

लाल माती

स्थिरसुखताईंचे दुसऱ्या प्रकारच्या अपेक्षांचे म्हणणे मला मान्य आहे. आमच्या तालमीतल्या एका मुलीची आई मला म्हणाली होती, ‘कान तुटले तर लग्न कोण करील?’ त्या मुलीच्या मनात ती भीती होती आणि कुस्तीने ती गेली नाही, वाढली. तिथे मी कमी पडलो. तिला शांत बसवून स्वतःच्या शरीराशी बोलायला लावणारे कोणी असते तर बरे झाले असते.

सरांना एकच सुचवतो. खो चुकल्यावर ज्या चार मुली ओरडल्या, त्यांचे काय केलेत? तालमीत आम्ही हरलेल्या मुलीला उठवायला जिंकलेल्या मुलीलाच हात पुढे करायला लावतो. हा नियम आहे, त्याला अपवाद नाही. व्यायामाचा प्रकार कोणताही घ्या, पण चूक झाल्यावर आजूबाजूचे काय करतात, यावर बरेचसे ठरते, असे माझे पस्तीस वर्षांचे निरीक्षण आहे.

कृष्णाकाठ

काकांच्या म्हणण्याशी शंभर टक्के सहमत. माझ्या फोटोबद्दल त्या व्यायामशाळेत एकानेही तोंड उघडले असते, तर मी आजही तिथे जात असते.

खेळाचा तास (धागाकर्ता)

काका, खरे सांगायचे तर त्या चार मुलींना मी काहीच म्हणालो नव्हतो. शिट्टी वाजवून खेळ पुढे चालू केला. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त गुण होते. तुमचा प्रश्न वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

काल मुख्याध्यापिका आणि सहकारी बाई यांच्यासमोर या धाग्यातले मुद्दे मांडले. असे ठरले आहे की, दोन तासिका मैदानाच्या राहतील आणि एक योगाची. योगाची तासिका वरच्या सभागृहात होईल, तिथल्या भिंतीवरचा मोठा आरसा कापडाने झाकला जाईल आणि योगाच्या स्पर्धेत यंदा शाळा भाग घेणार नाही. शेवटचा मुद्दा मुख्याध्यापिकांना जड गेला, कारण गेल्या वर्षी ढाल आली होती. सहकारी बाईंनीच तो लावून धरला, याचे मला फार बरे वाटले. मैदानावर चुकीचा खो दिलेल्या मुलीला पाटीवर परत बसवताना तिच्या शेजारच्या दोघींनी तिच्या पाठीवर हात ठेवायचा, एवढा एक नियम मी केला आहे.

काल पहिल्यांदा तो पाळला गेला. चूक त्या उंच मुलीची नव्हती, दुसऱ्याच एकीची होती, आणि शेजारी बसलेली ही उंच मुलगी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग हात ठेवला. बसलेली असल्यामुळे पोक होते की नव्हते, हे मला लांबून कळले नाही. स्थिरसुखताई, शनिवारी सकाळी साडेसातला आमची योगाची पहिली तासिका आहे. आपण येऊन सुरुवात करून द्याल का?

स्थिरसुख

येते. सतरंज्या किती आहेत ते कळवा, कमी असतील तर माझ्याकडच्या वीस घेऊन येते.